उघड्या कातळाची बाजू

ठाण्यात आणि नवी मुंबईत विज्ञानावरच्या जाहीर व्याख्यानांना अजून लोक येतात, ही या शहरांची चांगली सवय आहे. विषय परग्रहांचा असेल तर खुर्च्या कमी पडतात. पण व्याख्यान संपून प्रश्नोत्तरे सुरू झाली की हल्ली दोनच सूर ऐकू येतात. एक सूर उत्साहाचा: जीव सापडला का, कधी सापडणार, सापडला असेल तर आपल्याला सांगतील का? दुसरा वैतागाचा: इतके अब्ज डॉलर खर्चून दुर्बीण आकाशात सोडली आणि दिसले काय, तर ओसाड खडक, त्यापेक्षा... आणि त्या 'त्यापेक्षा'च्या पुढे पाणी, रस्ते, इस्पितळे, ज्याला जे जवळचे असेल ते. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. गंमत अशी की एक गोष्ट दोघींनी न बोलता मान्य करून टाकलेली असते: जीव सापडला तर पैसे वसूल, नाही तर गेले पाण्यात.

माझा विरोध आहे तो या गृहीतकाला. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या लहान, खडकाळ ग्रहांचा अभ्यास आज ज्या टप्प्यावर आहे तिथे त्याच्यापुढचा खरा प्रश्न फार साधा आहे. खडकाच्या गोळ्याला हवा धरून ठेवता येते का? कोणाला येते, कोणाला येत नाही, आणि का? 'इथे हवा नाही' असे उत्तर आले तर तो पूर्ण किमतीचा शोध असतो. आजवर हाती लागलेली बरीचशी उत्तरे याच जातीची आहेत. त्यांना अपयश म्हणणारे आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या 'जीवसृष्टीच्या खुणां'कडे डोळे लावून बसणारे, दोघेही या अभ्यासातला सर्वांत भक्कम भाग टाकून देत आहेत.

उत्साही बाजू आधी घेऊ, कारण तिचा घोटाळा जास्त गोड आहे. एप्रिल 2025 मध्ये के2-18बी या ग्रहाची बातमी आपल्याकडे पहिल्या पानावर झळकली. केंब्रिजमधल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. मधुसूदन मूळचे भारतीय, त्यामुळे बातमीला आपलेपणाची फोडणीही मिळाली. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांमुळे तयार होतो. समुद्राच्या वासात त्याचा वाटा असतो. (ठाणे खाडीच्या वासाचे श्रेय मात्र त्याला देऊ नये, तिथला मुख्य आरोपी चिखलातला हायड्रोजन सल्फाइड.) आता या बातमीतून काय गळले ते पाहा. के2-18बी हा 124 प्रकाशवर्षे दूर असलेला, पृथ्वीच्या साडेआठपट वस्तुमानाचा आणि अडीचपटीहून मोठ्या व्यासाचा ग्रह आहे. तो आपल्या अर्थाने खडकाळ नाही. हायड्रोजनने वेढलेला, नेपच्यूनचा धाकटा भाऊ म्हणावा असा आहे. दाव्याची सांख्यिकी ताकद तीन सिग्मा एवढीच होती (निकाल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता जितकी कमी तितके सिग्मा जास्त), म्हणजे निर्णायक शोधासाठी रूढ असलेल्या पाच सिग्मांच्या बरीच अलीकडे. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली तेव्हा त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय हाच वायू 67पी या धूमकेतूवरही आढळला आहे, आणि धूमकेतूवर प्लवक नसतात. याच ग्रहावर 2019 मध्ये हबल दुर्बिणीतून पाण्याची वाफ दिसल्याचा गाजावाजा झाला होता. 2023 मध्ये वेबने पाहिले तेव्हा पाण्याचा ठळक पुरावा मिळाला नाही, मिळाला तो मिथेनचा. पाण्याची बातमी ज्यांनी वाचली होती त्यांतल्या किती जणांपर्यंत ही दुरुस्ती पोहोचली?

हा नुसता पत्रकारितेचा दोष नव्हे. वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषेवरून पदार्थ ओळखण्याच्या विद्येलाच हा जुना रोग आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या अंगणात घडलेला आहे. विजयदुर्गावर दरवर्षी 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. हेलियमचा शोध 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून लावला, अशी कोकणात पक्की समजूत आहे. ग्रहणाच्या त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. गुंटूरला होते ते फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन. लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आले, पण 1898 च्या ग्रहणाला. असो. मुद्दा त्या पिवळ्या रेषेचा आहे. सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लॉकियर यांनी नवे मूलद्रव्य मानले. ते 1895 मध्ये रॅम्झी यांना पृथ्वीवरच्या खनिजात सापडले आणि लॉकियर बरोबर ठरले. ही गोष्ट सगळे सांगतात. पण तिच्या दोन बहिणी आहेत, त्या कोणी सांगत नाही. 1869 च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणात, एक हिरवी रेषा दिसली. तिच्यावरून 'कोरोनियम' नावाचे मूलद्रव्य मानले गेले. त्याआधी 1864 मध्ये हगिन्स यांना तेजोमेघांत, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या ढगांत, हिरवट रेषा दिसल्या होत्या. त्यांच्यावरून 'नेब्युलियम' आले. ही दोन्ही मूलद्रव्ये अस्तित्वातच नव्हती. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे 1927 मध्ये बोवेन यांनी दाखवले. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड, हे कळायला 1940 च्या आसपासचा काळ उजाडला.

तिन्ही वेळी रेषा खरी होती, मोजमाप नीट होते. एकदा अर्थ बरोबर निघाला, दोनदा चुकला. आणि चुकलेल्या अर्थांनी काय दिले? लोखंडाचे तेरा इलेक्ट्रॉन उखडायला प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या वर असावे लागते. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याचे बाहेरचे आवरण कितीतरी पटींनी तप्त आहे, हा सौरभौतिकीतला मोठा धक्का त्या 'फसलेल्या' मूलद्रव्यातून मिळाला. या प्रकरणात पुण्याचाही एक धागा आहे. तेजोमेघांची ती मुख्य रेषा मॅग्नेशियमची असावी, अशी लॉकियर यांची कल्पना होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा चालवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी 1891 च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाची रेषा तपासली. ती रेखीव दिसते, लॉकियर म्हणतात तशी पसरट पट्ट्याची कडा वाटत नाही, असे त्यांनी नोंदवले. पुण्यात बसून लंडनच्या मातब्बर शास्त्रज्ञाला 'नाही' म्हणण्याचे हे काम होते. त्या नकाराचा दिन कुठल्याही किल्ल्यावर साजरा होत नाही.

मंगळाचे उदाहरण तर अधिक बोचणारे आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम सिंटन यांना मंगळाच्या अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) वर्णपटात काही पट्टे दिसले आणि ते वनस्पतींमुळे असावेत असे त्यांनी मांडले. ऋतुमानाप्रमाणे मंगळावरचे काळे डाग बदलतात, तिथे शेवाळ असेल, असे तेव्हा भले भले मानत होते. 1965 मध्ये उलगडा झाला: पट्टे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या वाफेचे होते, आणि ती वाफ पृथ्वीच्याच हवेतली होती. त्या खुलाशात सिंटन स्वतः सामील होते, हे त्यांच्या मोठेपणाचे. त्याच वर्षी जुलैत मरिनर 4 हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेले, खड्ड्यांची छायाचित्रे पाठवली आणि तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्याही आत असल्याचे दाखवून दिले. अनेकांचा तेव्हा हिरमोड झाला. मंगळाचे खरे विज्ञान मात्र त्या हिरमोडापासून सुरू झाले. वाहत्या पाण्याच्या खुणा असलेल्या ग्रहाची हवा गेली कुठे, हा प्रश्न 'तिथे शेवाळ आहे का' यापेक्षा किती तरी खोल निघाला. आपले मंगळयान 2014 मध्ये तिथे पोहोचले तेव्हा त्याच्यावरचे एक उपकरण मंगळाच्या वरच्या विरळ वातावरणाचे घटक मोजत होते, ते याच प्रश्नाच्या मागावर.

आता वेब दुर्बीण हे मोजते कसे, ते सांगायला हवे, कारण वैतागलेल्या बाजूचा गैरसमज इथे आहे. ग्रहाचे चित्र दिसत नाही, ताऱ्याच्या प्रकाशातला फरक दिसतो. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा प्रकाश अडतो, आणि ग्रहाला हवा असेल तर तिच्या कडेतून गाळून आलेल्या प्रकाशात वायूंच्या खुणा उमटतात. परक्या कोणी दुरून पाहिले तर पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दहा लाखांत 84 भाग प्रकाश कमी झालेला दिसेल. त्यात आपल्या हवेचा वाटा एखादा भाग, तोही वर्षातून एकदा. हे वेबच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून खगोलशास्त्रज्ञ लहान ताऱ्यांकडे वळतात. ट्रॅपिस्ट-1 हा कुंभ राशीतला लाल बटू (लहान, थंड, लालसर) तारा सुमारे 40 प्रकाशवर्षांवर आहे, आकाराने गुरूपेक्षा थोडाच मोठा, आणि इतका मंद की वांगणीच्या अंधाऱ्या माळावरूनही नुसत्या डोळ्यांना तो कधी दिसणार नाही. त्याच्याभोवती पृथ्वीच्या जवळपास आकाराचे सात ग्रह फिरतात, हे 2017 मध्ये जाहीर झाले. तारा लहान म्हणून ग्रहाची सावली मोठी, आणि ग्रह जवळ म्हणून फेरे वरचेवर. दुसरी रीत याच्या उलट आहे. ग्रह ताऱ्यामागे लपतो तेव्हा एकूण प्रकाशात किती घट होते ते अवरक्तात मोजायचे. ती घट म्हणजे ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची स्वतःची ऊब. हवा असेल तर वारे ती ऊब रात्रीच्या बाजूला नेतात आणि दिवसाची बाजू त्या मानाने थंड राहते. हवा नसेल तर कातळ तापत राहतो.

2023 मध्ये ट्रॅपिस्ट-1बी या सर्वांत आतल्या ग्रहाचे असे मोजमाप झाले. दिवसाच्या बाजूचे तापमान निघाले 503 केल्विन, म्हणजे सुमारे 230 अंश सेल्सिअस. काळ्या, हवाहीन खडकासाठी गणिताने येणारा आकडा याला जवळजवळ चिकटून आहे. ऊब सगळीकडे वाटली गेली असती तर तापमान शंभरेक अंशांनी कमी भरले असते. त्याच वर्षी शेजारच्या ट्रॅपिस्ट-1सीचे तापमान सुमारे 107 अंश सेल्सिअस आढळले. हा ग्रह महत्त्वाचा अशासाठी, की शुक्राला सूर्याकडून मिळते जवळपास तेवढीच ऊर्जा त्याला त्याच्या ताऱ्याकडून मिळते. शुक्रासारखे कार्बन डायऑक्साइडचे जाड पांघरूण तिथे असेल अशी दाट शंका होती. ती फिटली. त्याआधी 2019 मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने एलएचएस 3844बी या अकरा तासांत एक फेरी मारणाऱ्या ग्रहाची दोन्ही अंगे मोजली होती. दिवसाची बाजू सुमारे 770 अंश, रात्रीच्या बाजूची ऊब मोजण्याइतकीही नाही. पृष्ठभाग गडद, बेसाल्टसारखा असल्याचा अंदाज.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. पारसिकचा डोंगर, मुंब्र्याची रांग, येऊरच्या टेकड्या, बेलापूरच्या मागचा चढ, सगळे त्याच दगडाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहिला तेव्हा त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायूही प्रचंड प्रमाणात बाहेर पडले. पृथ्वीची पहिली हवा टिकली नाही. नंतरची हवा बरीचशी अशीच पोटातून वर आलेली आहे, आणि पुढे तिच्यातला ऑक्सिजन जीवांनी घातला. गोष्ट इथेच संपत नाही. पावसाचे किंचित आम्ल झालेले पाणी बेसाल्टवर पडते, दगड झिजतो, आणि त्या रासायनिक झिजेत हवेतला कार्बन पकडला जाऊन शेवटी समुद्रतळाच्या चुनखडीत जातो. मुंब्र्याच्या डोंगरावर जून ते सप्टेंबर हेच चाललेले असते. म्हणजे जो दगड हवेला जन्म देतो तोच तिला आटोक्यातही ठेवतो, पण त्यासाठी पाणी लागते, पोटातली उष्णता लागते आणि वेळ लागतो. पृथ्वीला हे जमले. शुक्र आकाराने तिचा जुळा, तिथे 92 पट दाबाची हवा साठली आणि जमीन 465 अंशांवर गेली. मंगळाची हवा निसटली. तिन्ही ग्रह एकाच सूर्याचे, एकाच काळातले. तीन नमुन्यांवरून नियम काढणे कोणत्या शास्त्रात चालते?

याच अडचणीतून 'वैश्विक किनारा' ही कल्पना आली. झान्ले आणि कॅटलिंग यांनी 2017 मध्ये ती सविस्तर मांडली. एका बाजूला ग्रहाचे गुरुत्व, म्हणजे तिथून निसटायला लागणारा वेग. दुसऱ्या बाजूला ताऱ्याच्या प्रारणाचा मारा. सूर्यमालेतल्या पिंडांची मांडणी केली की हवा असलेले आणि नसलेले यांच्यामध्ये एक रेघ दिसते. शनीच्या टायटनसारखा कमी गुरुत्वाचा उपग्रहदेखील थंडीमुळे रेघेच्या आत राहून दाट हवा टिकवतो, बुध सूर्याच्या धगीत उघडा पडतो. प्रश्न असा की ही रेघ फक्त आपल्या घरची रीत आहे की सगळीकडचा कायदा? ते ठरवायचे तर रेघेच्या दोन्ही बाजूंचे ग्रह मोजावे लागतील, आणि 'नाही'च्या बाजूची नोंद 'आहे'च्या बाजूइतकीच काटेकोर हवी. किनारा शोधायला निघालेल्या माणसाने कोरडी जमीन लागली म्हणून रडायचे कशाला?

वैतागलेल्या बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे मात्र विज्ञानाचे नाही, ते नीतीचे आहे, आणि ते झटकून टाकणाऱ्यांशी माझे जमत नाही. आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याला येते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा जिल्ह्यात 40 प्रकाशवर्षांवरच्या हवेची चर्चा करताना कोणाला संकोच वाटला तर ते जिवंत मनाचे लक्षण आहे. पण संकोच हा युक्तिवाद नव्हे. वेब दुर्बिणीचे सुमारे 10 अब्ज डॉलर अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांनी वीसहून अधिक वर्षांत मिळून घातले. त्यात आपल्या करदात्याचा पैसा नाही. त्याहून मोठी गोष्ट ही, की शहापूरचे पाणी पैशाअभावी अडलेले नाही. पाणी डोळ्यांसमोर आहे. ते कोणाला आधी मिळायचे याचा निर्णय पूर्वीच झाला आहे, आणि तो बदलण्याची इच्छा कमी पडते आहे. त्या निर्णयाचा जाब ज्यांना विचारायचा ते मुंबईत आणि ठाण्यातच बसतात. दुर्बिणीकडे बोट दाखवले की त्यांची आयती सुटका होते. खर्चाचा प्रश्न विचारायचाच तर जिथे आपला पैसा खरोखर लागतो तिथे विचारावा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्याचा हिशेब, वेळापत्रक, त्यातून तिथल्या मुलांच्या हाती काय लागणार, हे विचारणे नागरिकाचा हक्क आहे. मी तो विचारणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन.

विज्ञानाच्या आतून येणारा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो सभागृहात क्वचितच ऐकू येतो. लाल बटू तारे शांत नसतात. त्यांच्यावर डाग असतात, भडके उडतात, आणि तारा इतका थंड असतो की त्याच्या डागांत पाण्याची वाफसुद्धा असू शकते. मग प्रकाशात दिसलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याची? हा पेच काल्पनिक नाही. 2023 मध्ये जीजे 486बी या ग्रहाच्या निरीक्षणात पाण्याची खूण दिसली. संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले की ही वाफ ग्रहाची असेल किंवा ताऱ्याच्या डागांची. पुढे त्याची ऊब मोजली तेव्हा तो उघडा खडक असण्याकडेच पारडे झुकले. जीजे 1132बीची दोन अधिक्रमणे, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणे, वेबने पाहिली. एकात वायूंच्या खुणा दिसल्यासारखे वाटले, दुसऱ्यात सपाट रेघ. ग्रह तोच, उपकरण तेच. ट्रॅपिस्ट-1ई हा सातांतला सर्वांत आशेचा ग्रह, आकाराने पृथ्वीच्या जवळ, ऊर्जेच्या हिशेबाने पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यातला. त्याच्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष 2025 च्या सप्टेंबरमध्ये आले, आणि ते ताऱ्याच्या डागांनी इतके गढूळ केलेले आहेत की हवा आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. सिंटन यांना पृथ्वीच्या हवेने फसवले, इथे ताराच फसवतो आहे. मग हा उद्योग मुळातच फसवा आहे, असे कोणी म्हटले तर?

उत्तर त्या ओसाड खडकाने दिले आहे. काट्यावर माल ठेवण्याआधी गिऱ्हाईक काटा शून्यावर आहे ना ते बघून घेते. ट्रॅपिस्ट-1बी हे इथले शून्य आहे. त्याला दाट हवा नाही हे ऊब मोजून वेगळ्या मार्गाने कळले आहे. तेव्हा तो ताऱ्यासमोरून जाताना वर्णपटात जे काही वेडेवाकडे दिसेल ते ताऱ्याचे. म्हणून बी आणि ई हे दोन्ही ग्रह थोड्याच तासांच्या अंतराने ताऱ्यासमोरून जातील अशा वेळा निवडायच्या आणि बीच्या मोजमापावरून ईच्या मोजमापातला ताऱ्याचा गोंधळ वजा करायचा, अशी योजना आखून अशी पंधरा अधिक्रमणे पाहण्याचे काम हाती घेतलेले आहे. 'पैसे वाया गेले' असे ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवून सांगितले जाते, त्याच निष्कर्षावर पुढची आशा उभी आहे. ही युक्ती पुरेशी ठरेलच असे नाही, कारण काही तासांतही तारा थोडा बदलतो. पण ती करून पाहण्याजोगी झाली ती आधीच्या 'नाही'मुळे.

आणखी एक आक्षेप खगोलशास्त्रज्ञ आपापसांत घेतात. वेबच्या वेळेसाठी अलीकडच्या एका फेरीत उपलब्ध तासांच्या सुमारे नऊपट मागणी आली होती. अशा वेळी संचालकांच्या राखीव कोट्यातले 500 तास लाल बटूंच्या खडकाळ ग्रहांना देणे म्हणजे दूरच्या दीर्घिका आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांवर अन्याय नव्हे का? शिवाय लाल बटूंची तरुणाई लांब आणि तापट असते. त्यांचे ग्रह बहुतेक भाजून निघालेले असणार. ते पाहून सूर्यासारख्या ताऱ्यांबद्दल काय कळणार? यातला दुसरा भाग मला अर्धा पटतो. लाल बटूंवरून थेट पृथ्वीपर्यंत उडी मारता येणार नाही. पण आपल्या दीर्घिकेतले चारांतले सुमारे तीन तारे याच जातीचे आहेत. त्यांचे खडकाळ ग्रह सरसकट उघडे निघाले तर विश्वातल्या बहुतांश खडकाळ जमिनीचा निकाल लागतो, आणि पुढच्या पिढीची, सूर्यासारख्या ताऱ्यांच्या ग्रहांकडे थेट पाहणारी दुर्बीण बांधताना कुठे पाहायचे नाही ते आधीच कळलेले असते. उलट एखादा जरी हवा राखून असलेला सापडला, तर माऱ्यातूनही हवा टिकते किंवा पोटातून पुन्हा भरून निघते हे सिद्ध होईल. 2024 मध्ये 55 कॅन्क्री ई या लाव्हाने माखलेल्या, सूर्याहून थोड्याच लहान ताऱ्याच्या ग्रहाभोवती कार्बनयुक्त वायूंचे आवरण असावे अशी चिन्हे दिसली. तापलेल्या मॅग्म्यातून हवा पुन्हापुन्हा निघत राहते ही शक्यता त्यामुळे निव्वळ कागदावरची उरलेली नाही.

अर्थात 500 तासांचे काम मूठभर गटांच्या खासगी मालकीचे झाले असते तर मीही आक्षेपकांच्या रांगेत उभा असतो. तसे नाही. या 'रॉकी वर्ल्ड्स' उपक्रमाची निरीक्षणे कोणत्याही गटासाठी राखून न ठेवता सगळ्यांना एकदमच खुली होतात. वेबचे कामकाज जिथून चालते त्या बाल्टिमोरच्या शास्त्रज्ञाला जी फाईल ज्या दिवशी मिळते तीच फाईल त्याच दिवशी कळव्यातल्या किंवा वाशीतल्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीलाही मिळू शकते. ती साफ करून त्यातून प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाचा आलेख, काढणाऱ्या संगणक-प्रणालीही फुकट आहेत. 2021 मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून जीजे 1132बीभोवती वायूंचे आवरण असल्याचा दावा झाला. तो कमकुवत ठरला तो दुसऱ्या गटांनी त्याच खुल्या फायली पुन्हा चाळून त्यांत तशा खुणा न सापडल्यामुळे. त्यासाठी त्यांना नवी दुर्बीण लागली नाही. संगणक, पायथन ही संगणकाची भाषा, संख्याशास्त्र आणि एखादा धीराचा मार्गदर्शक पुरला. तेव्हा सभागृहातल्या त्या तावातावाच्या भांडणात एक तिसरा प्रश्न घालायला हवा, आणि तो नासाला विचारायचा नाही: ठाणे आणि नवी मुंबईतल्या पदार्थविज्ञानाच्या किती पदव्युत्तर वर्गांत अशी एक तरी फाईल आजवर उघडली गेली आहे?